पाहुणी म्हणून पाहिलेली वसई

पत्र

नमस्कार. माझं वय ६१, यांचं ६६. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही गिरगावातल्या चाळीत आहोत. खोली पागडीची (एकरकमी पैसे भरून कायमच्या भाड्याने घेतलेली), सासऱ्यांच्या मागे यांच्या नावावर झालेली. मुलगा बंगळुरूला असतो. ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीचं घर वसईत भुईगावला आहे. वीस वर्षं झाली, नाताळात दोन दिवस मी तिच्याकडे जाते. तिची वाडी, विहिरीचं पाणी, रात्रीची ती शांतता! परत निघताना दर वेळी पाय निघत नाही. आता तिच्या गावाजवळच एका नव्या इमारतीत वन बीएचके पाहिला आहे. आमचा चाळमालक खोली सोडायचे पैसे द्यायला तयार आहे, त्यात थोडी भर घातली की फ्लॅट होतो. हे मात्र तयार नाहीत. "मला ठाकूरद्वारचा नाका आणि संध्याकाळची चौपाटी हवी, तिकडे जाऊन मी काय करू?" एवढंच म्हणतात आणि गप्प बसतात. बिल्डर म्हणतो, दिवाळीनंतर भाव वाढणार. मी हट्ट करतेय का?

— एक वाचक, गिरगाव

उत्तर

ताई, तुम्ही हट्ट करत नाही आहात. उभा संसार दीड खोलीत केलेल्या बाईला उतारवयात दाराबाहेर एखादं झाड असावंसं वाटलं, तर त्यात कसला हट्ट? मी स्वतः लालबागची. लग्न करून वसई गावात आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला माझीच पहिली वर्षं आठवत होती.

आधी एक गोष्ट करा. दिवाळीची मुदत डोक्यातून काढून टाका. ती बिल्डरची मुदत आहे, तुमची नाही. खोली आत्ता सोडू नका आणि फ्लॅटही आत्ता घेऊ नका. भुईगाव, गिरीज, वसई गाव, जिथे मिळेल तिथे एक वर्ष भाड्याने राहून बघा, आणि ते वर्ष जूनपासून सुरू करा.

जूनपासून का, ते सांगते. तुम्ही वसई पाहिलीत ती नाताळातली. त्या दिवसांत इथली हवा गार, आभाळ स्वच्छ. घराघरांत येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे सजलेले, अंगणात चांदण्या लावलेल्या, मैत्रिणीच्या घरी माणसांची ये-जा. तुम्ही पाहुण्या, म्हणून विहिरीचं पाणी कोणीतरी तुमच्यासाठी तापवून ठेवलेलं. ती वसई खरीच आहे, पण वर्षातले दोन-तीन महिनेच ती अशी असते.

माझा इथला पहिला पाऊस मला अजून आठवतो. रात्री वाऱ्याने माडाची झावळी विजेच्या तारेवर पडली आणि दीड दिवस वीज नव्हती. नव्या नवरीच्या उत्साहाने मी शालू पेटीत नीट घडी घालून ठेवला होता. श्रावणात पेटी उघडली तर शालूच्या काठांवर पांढरट बुरशी, आणि भिंतीवरच्या फोटोंच्या काचेला आतून ओल. सासूबाईंनी एक शब्द न बोलता कडुनिंबाचा पाला आणून पेटीत घातला आणि शालू चुलीच्या वरच्या दांडीवर टाकला. तेव्हा मी रडले होते. आता पावसाळ्याआधी काय उचलायचं, काय गुंडाळायचं हे हाताला पाठ झालंय, पण मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. शिकायला वेळ होता आणि गुडघेही दुखत नव्हते.

जुलै २०१८ मध्ये इथे काय झालं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं, गाड्या बंद पडल्या, मिठागरांतल्या वस्तीतली माणसं अडकली, वीज गेली. दर वर्षी असं होत नाही. पण अशा दिवशी मुंबईला जाणं विसरायचं. अशा वेळी घरात औषधं असतील का, खाली उतरता येईल का, तुमच्या यांना काही झालं तर बंगलीच्या कार्डिनल ग्रेशस रुग्णालयापर्यंत रिक्षा पोचेल का, हे प्रश्न डिसेंबरात सुचत नाहीत. ते सुचायला जुलैच हवा.

आता खोलीचं. हा भाग यांच्यासोबत बसून वाचा.

पागडीची खोली एकदा मालकाच्या हाती दिली की परत मिळत नाही. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी असेल (दक्षिण मुंबईतल्या बऱ्याच जुन्या चाळी तशा आहेत) आणि उद्या तिचा पुनर्विकास झाला, तर निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं (कार्पेट एरियाचं) घर मालकी हक्काने मिळतं. तो हक्क यांच्या नावावर आहे. मालक आज पैसे द्यायला का तयार झालाय, हे त्या बाजूने एकदा तपासा. चाळीत पुनर्विकासाची काही बोलणी चालली आहेत का, कोणी सह्या गोळा करतंय का, शेजाऱ्यांनाही असंच विचारलंय का?

दुसरी अडचण याच्या उलट आहे आणि ती फार जणांना माहीत नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे, जागा सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय वापरात नसेल तर मालक ताबा मागायला कोर्टात जाऊ शकतो. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तरीही जाऊ शकतो. म्हणजे खोलीला कुलूप लावून वर्षभर वसईत राहायचं, हेही चालणार नाही, आणि कोणाला चार पैशांत राहायला देऊन टाकायची, हेही नाही. त्यामुळे खोली नांदती ठेवावी लागेल. विजेचं बिल तुमच्या वापराचं दिसलं पाहिजे, गॅस चालू हवा, दूध येत असावं, शेजाऱ्यांनी तुम्हाला येता-जाता पाहिलेलं असावं. आणि भाडं वेळेवर भरून पावत्या जपून ठेवा. तरी एकदा हे सगळं तुमच्या वकिलाला दाखवा, तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.

आणि ताई, इथेच मला यांच्या गप्प बसण्याचं उत्तर दिसतं. आठवड्यातले चार दिवस वसईत, तीन दिवस गिरगावात, असं वर्षभर ठरवा. खोलीही वापरात राहते आणि यांचा नाकाही सुटत नाही. "तिकडे जाऊन मी काय करू?" याचा अर्थ तुम्ही नकार असा घेतलात. मला तो खराखुरा प्रश्न वाटतो. निवृत्त पुरुषाचा दिवस दोन-चार खुंट्यांवर टांगलेला असतो. कोपऱ्यावरचा पेपरवाला, चहा, चौपाटीवरचा ठरलेला कट्टा. तुम्हाला वसईत मैत्रीण आहे. यांना तिथे कोण आहे? आम्ही बायका नव्या गावात भाजीवालीपासून ओळख काढत जातो, तीन महिन्यांत चार घरी आमचा डबा फिरतो. पुरुषांना हे जमायला वेळ लागतो आणि काहींना जमत नाही. माझ्या सासऱ्यांचे एक मित्र निवृत्तीनंतर परळहून इकडे आले, बंगला बांधला, बाग केली. दोन वर्षं ते रोज सकाळी स्टेशनवर जाऊन नुसते बाकावर बसायचे, गाड्या बघत. घरच्यांना वाटायचं फिरायला जातात.

प्रवासाचं गणित आधी नीट मांडा. चर्चगेटहून वसई रोड साधारण ५२ किलोमीटर, फास्ट गाडीने तासाभराहून थोडं जास्त. पण बहुतेक विरार फास्ट चर्नी रोडला थांबत नाहीत, म्हणजे स्लोने मुंबई सेंट्रल किंवा दादर आणि तिथे गाडी बदलायची. संध्याकाळी साडेपाच ते नऊ दादरहून विरार गाडीत चढायचा विचारच करू नका. तिथे धडधाकट माणसं लोंबकळत जातात. सकाळी अकरानंतर वसईहून निघा, दुपारी तीनच्या आत मुंबईहून निघा. वसई रोडला उतरल्यावर पुढे गावापर्यंत रिक्षाने अर्धा तास धरा. स्टेशनचा भाग नवघर-माणिकपूरचा, तिथे तुम्हाला मुंबईच दिसेल. तुमची शांतता त्याच्या पलीकडे, पश्चिमेला, वाड्यांमध्ये आहे.

त्या शांततेबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. तुम्ही ज्या फ्लॅटमध्ये जाऊ पाहताय त्याच्याशी तिचा थेट संबंध आहे.

भुईगावला मैत्रिणीच्या वाडीत कोपऱ्यात एक तळं असेल. चौकोनी, काठावर माड वाकलेले, पाण्यावर शेवाळ, उन्हाळ्यात बरंच आटलेलं. त्याला आम्ही बावखल म्हणतो. वाडवडिलांनी ते हाताने खोदलं. समुद्राजवळच्या गावात जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगत असतं. पावसाचं पाणी बावखलात साठतं, हळूहळू मुरतं, आणि तो गोड थर टिकवून ठेवतं. वाडीतल्या विहिरी त्याच्या जिवावर. तुम्हाला ज्या विहिरीच्या पाण्याची गोडी लागली, ती त्या कोपऱ्यातल्या तळ्याची देणगी आहे. बावखल बुजवलं आणि बोअरवेलने उपसा सुरू केला की खारं पाणी वर चढतं. ते आधी पानवेलीला कळतं, मग केळीला, मग माणसाला. आणि मोठ्या पावसात जे पाणी बावखलात उतरायचं, ते जायला जागा उरली नाही की लोकांच्या ओट्यावर येतं.

ही हिरवळ आपोआप राहिलेली नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी हा पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. हजारो माणसं रस्त्यावर उतरली, त्यात इथल्या सामवेदी समाजाच्या, लाल लुगड्यातल्या बायका पुढे होत्या. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली तेव्हाही गावं वगळा म्हणून लोक लढले. फादर २०२४ च्या जुलैत गेले. ज्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते २०२० साली अध्यक्ष होते, त्याचं कौतुक तुम्हीही पेपरात वाचलं असेल. आम्हाला ते आठवतात ते मात्र आमच्या वाडीसाठी भर उन्हात उभे राहिलेले.

म्हणून बिल्डरला पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. विचारा, "या इमारतीच्या जागी आधी काय होतं?" तो टाळाटाळ करेल. मग मैत्रिणीच्या आईला किंवा काकूला विचारा, गावातल्या म्हाताऱ्या बायकांना प्रत्येक बावखल ठाऊक असतं. तिथे बावखल बुजवलेलं असेल, तर तो फ्लॅट कितीही हवेशीर असो, घेऊ नका. पावसात तुमच्या जिन्याखाली पाणी येईल हे एक. आणि ज्या वाडीसाठी तुम्ही तिकडे निघालात, ती वाळण्यात तुमचा पैसा गेलेला असेल. हे तुम्हाला सहन होणार नाही, तुमच्या पत्रावरून मला खात्री आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते, पण हलक्यात घेऊ नका. सातबारा, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी. आमच्या या भागात खोट्या सही-शिक्क्यांच्या परवानग्या उघडकीला आल्या आहेत. त्यामुळे महारेराचा नंबर दिसला म्हणून थांबू नका. परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा, ती त्यांनीच दिली आहे का ते माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला अनधिकृत इमारत पडून माणसं गेली. त्या घरांतही कोणीतरी आयुष्यभराची पुंजी ओतली होती. पाण्याचंही बघा. सूर्या धरणाचं पाणी नळाला येतं की सोसायटी टँकर मागवते, हे वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो.

भाड्याचं घर घेताना करार नोंदणी करूनच घ्या, ११ महिन्यांचा असला तरी.

शांततेबद्दल अजून एक. इथे रात्री नऊनंतर रस्ते निवतात, दुकानं दुपारी बंद असतात, हे खरं. पण मे महिन्यात हळदीच्या रात्री डीजे वाजतो, राजोडी-अर्नाळ्याच्या बाजूला शनिवार-रविवारी रिसॉर्टांची वर्दळ असते, पावसात बेडूक असे ओरडतात की पहिल्या रात्री झोप लागत नाही. आणि पहाटे चारला बाजूच्या वाडीत बॅटरीचा उजेड हलताना दिसेल, घाबरू नका. उन्हाळ्यात माझ्या शेजारची बाई त्या उजेडात मोगऱ्याच्या कळ्या खुडते. बॅटरी दातांत धरलेली, दोन्ही हात मोकळे, कंबरेला ओटी बांधलेली. कळी उमलायच्या आत खुडावी लागते. मग ओल्या फडक्यात बांधून तिचा मुलगा पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात नेतो. गिरगावात तुम्ही देवाला वाहता त्या फुलांत कदाचित तिच्याही ओंजळीतली असतील. तिच्याशी बोला. तिला तुमच्या येण्याचा आनंद वाटला पाहिजे, असं राहा. शिळ्या कचऱ्याची पिशवी वाडीच्या कुंपणावर टाकणारी नवी बिऱ्हाडं तिने पुष्कळ पाहिली आहेत.

पाहुण्यांची सवयही आधीच लावून घ्या. तुम्ही वसईत राहायला गेलात की अख्खं गिरगाव रविवारी तुमच्याकडे येणार, किल्ला बघायला. येऊ देत. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात जिंकलेला हा किल्ला मराठी माणसाने पाहिलाच पाहिजे, आणि सकाळी सातच्या आत पाहिला पाहिजे, ऊन आणि गर्दी चढायच्या आधी. पण मैत्रिणीची वाडी हे सहलीचं ठिकाण नाही, हे नातेवाइकांना तुम्हालाच सांगावं लागेल. ती भिडेखातर नाही म्हणणार नाही. तिच्याकडे तुम्ही वर्षातून दोन दिवस जायचात म्हणून ती सगळी कामं बाजूला ठेवायची. रोजची शेजारीण झाल्यावर तिच्याकडून तेवढाच वेळ मागितलात तर वीस वर्षांच्या मैत्रीवर ताण येईल. घर बघायच्या आधी तिच्याशी मोकळं बोला, "मी इथे आले तर तुला चालेल ना?" असं अगदी सरळ विचारा. ती काय म्हणते यापेक्षा बोलायच्या आधी किती वेळ थांबते, तिकडे लक्ष ठेवा.

आता यांच्याकडे परत येते. त्यांना फ्लॅट दाखवायला आणू नका. भाड्याचं घर ठरवायच्या आधीच, जुलैत, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, नुसतं फिरायला म्हणून आणा. सकाळी अकराची गाडी, वसई रोडला उतरून रिक्षाने सरळ पाचूबंदरला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बोटी वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि कोळी मंडळी ओट्यांवर जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. त्या दिवसांत त्यांना बोलायला वेळ असतो. यांना तिथे बसवा आणि तुम्ही तासभर माझ्याकडे चहाला या. मधे फोन करू नका. यांनी स्वतःहून कोणाशी बोलणं काढलंय का, ते परत गेल्यावर दिसेलच. छत्री आणू नका, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती उलटते. दोघांचे रेनकोट आणा, आणि यांची रक्तदाबाची गोळी असेल तर ती दोन दिवसांची जास्त ठेवा. गाड्या बंद पडल्या तर मुक्काम माझ्याकडे.